निखळलेले कडे

१

केटल प्रेअरीच्या सहकारी चीज कारखान्यात गुरुवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी लाइल व्हँडेही याचा प्राण गेला. दुधातील साय वेगळी करणारा दोन टन वजनाचा नवा सेपरेटर पहिल्यांदाच आपल्या वेगाला चढत होता. त्याने एकाएकी किंकाळी फोडली. काय झाले ते पाहावयास लाइल वाकला, आणि त्याच क्षणी यंत्राचे झाकण उसळून त्याच्या छातीवर आदळले. त्या कारखान्यातील प्रत्येक नळी आणि प्रत्येक चाक ज्याने एकतीस वर्षे जिवाभावाने सांभाळले, त्याला निरोपाचा एक शब्दही उच्चारण्याची सवड मिळाली नाही.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता व्हर्ना झास्ट्रो ही विमा कंपनीची तपासनीस कारखान्याच्या दारात उतरली. वय एकसष्ट, चाल संथ, दृष्टी मात्र करवतीसारखी. तपासनीस होण्यापूर्वी तिने सव्वीस वर्षे असलीच यंत्रे स्वतःच्या हातांनी बसविली होती, आणि ह्याच कारखान्यातील जुना सेपरेटरही तिनेच बसविलेला होता.

व्यवस्थापक रॉइस डेलविच दारातच उभा होता.

"काम सोपं आहे, व्हर्नाबाई," तो म्हणाला. "बसवणाऱ्यानं कडं नीट आवळलं नाही. त्याचा जबाब टाइप करून ठेवलाय. पाचच्या आत तुमचा अहवाल द्या, म्हणजे दोन्ही कागद सरकारी वकिलाकडे जातील. उद्या पहाटे हरणांचा मोसम उघडतोय. मग आठवडाभर या गावात माणूस सापडायचा नाही."

"जबाब त्यानं सांगितला की तुम्ही लिहिला?"

"सही तो करतोच आहे की."

व्हर्नाने कागद वाचला. त्यात एकच वाक्य महत्त्वाचे होते: 'कडे मी पुरेसे आवळले नसावे.' त्याखालची जागा अजून कोरी होती. त्या जागी नाव पडले की एका माणसाचा परवाना जाणार होता, आणि कदाचित त्याचे स्वातंत्र्यही.

"तो कुठं आहे?"

"जेवणाच्या खोलीत. पेन मागितलंय त्यानं."

२

पाओ मोउआ हा चौतीस वर्षांचा कारागीर टेबलाशी ताठ बसला होता. पेन त्याच्या हातात होते.

व्हर्ना समोरची खुर्ची ओढून बसली. "कडं तूच आवळलंस?"

"मी आणि लाइलनं. पाना मी धरला, हातोडा त्यानं मारला. कड्यावरची खूण भांड्यावरच्या खुणेला भिडेपर्यंत."

"भिडली होती?"

"काल संध्याकाळपर्यंत मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. मग ओपल आली, लाइलची बायको. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, पाओ, घट्ट लावलं होतं ना रे? आणि माझ्या तोंडून हो निघेना."

"का बरं?"

"माणूस मेलाय, बाई. तेव्हापासून ती खूण डोळ्यांपुढं आणतोय. जितक्यांदा आणतो, तितक्यांदा ती थोडी आणखी मागं सरकते."

व्हर्नाला ह्या उत्तराने आतून हलविले. तरी तिने चेहऱ्यावर काही उमटू दिले नाही. सेपरेटरमधील फिरते भांडे एका मोठ्या कड्याने मिटविलेले असते. त्या कड्याचे आटे डावे असतात. भांडे यंत्रावर कोरलेल्या बाणाच्या दिशेने फिरले की कडे आपोआप अधिकाधिक घट्ट होते.

"मोटर कुठल्या बाजूला फिरते ते पाहिलंत?"

"सकाळी दहाला. बटण क्षणभर दाबून सोडलं. बाणाच्याच दिशेनं फिरली. चौघांनी पाहिलं: मी, लाइल, कर्टिस वायरमन, आणि दारातून चीज करणारा मर्ल."

"आणि तीन वाजता चालू करण्याच्या आधी?"

"सकाळी पाहिलं होतं ना."

"पुस्तकात काय लिहिलंय?"

पाओची मान खाली गेली. "पहिल्यांदा चालवण्याआधी, लगेच, पुन्हा पाहा."

"तुझं हे कितवं यंत्र?"

"एकोणिसावं."

व्हर्नाने वहीत काहीतरी टिपले. "दहापासून तीनपर्यंत तुम्ही दोघं कुठं होता?"

"यंत्रापाशीच. जेवलो पण तिथंच. त्यानं माझा चिकट भात संपवला आणि मला त्याचं ब्रॅट सॉसेज दिलं. म्हणाला, तुझ्या बायकोला सांग, माझ्या बायकोला शिकव म्हणावं." पाओने पेनाचे टोपण काढले. "लाइल माझ्या नजरेआड झालाच नाही. बाई, मी सही करून टाकतो. एकदाचं संपेल."

"पाचपर्यंत ते पेन खिशात ठेव," व्हर्ना म्हणाली. "मला अजून कड्याशी बोलायचंय."

३

कडे भिंतीजवळ ताडपत्रीखाली पडलेले होते. व्हर्ना गुडघे टेकून बसली. तिने हातमोजा काढला आणि उघड्या बोटाने आट्यांवरून वळसा घेतला. एक वळसा, दुसरा, तिसरा.

शेरिफचा शिपाई मागे उभा राहून पाहत होता. "काय सापडलं, मॅडम?"

"काही नाही सापडलं. तेच तर सापडलं." तिने त्याचा हात धरून त्याचे बोट आट्यांवर ठेवले. "कडं अर्धवट आवळलेलं असतं, तर वेगाच्या जोरानं झाकणानं ते फाडून वर नेलं असतं. पोलाद सोललं गेलं असतं. इथं फक्त शेवटचा आटा फाटलाय. बाकीचे बघा, आरशासारखे."

"म्हणजे?"

"म्हणजे हे तुटलं नाही. हे उलगडलं. बरणीचं झाकण उघडावं तसं, एकेक फेरा."

शिपायाने मान हलविली. "पण तुम्हीच म्हणता, फिरताना ते घट्ट होतं."

"बाणाच्या दिशेनं फिरलं तर."

मग तो शिपाई काहीशा दिलगिरीने म्हणाला, "मॅडम, मुख्य विजेची पेटी मी काल सहा वाजता सील केली. आज सकाळी सात वाजता आम्ही मोटर एकटी फिरवून पाहिली. बटण बाहेर आहे, सील तोडावं लागलं नाही. मोटर बाणाच्याच दिशेनं फिरली."

दहा वाजता मोटर सुलट, दुसऱ्या दिवशी सात वाजता मोटर सुलट, आणि दोहोंच्या मध्ये एक कडे उलगडून एका माणसाचा जीव गेला होता. घड्याळात साडेदहा झाले होते. व्हर्नाच्या हाती पाओला वाचविणारे सत्य होते, पण त्या सत्याला पुरावा नव्हता.

४

कर्टिस बाइलफस हा वायरमन उत्तरेकडील शिकारीच्या छावणीतून तीन तास गाडी हाकीत परतला, तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. अंगात भडक नारिंगी कोट होता.

"लांबूनच दिसलास," व्हर्ना म्हणाली. "बस. काल किती वाजता निघालास?"

"बाराच्या ठोक्याला. छावणीत अकराजण आहेत, विचारा कुणालाही. सव्वातीनला मी तिथं बटाटे सोलत होतो." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "लाइलनं माझ्या दोन्ही पोरांना मासे धरायला शिकवलं होतं. माझ्या वायरिंगनं काही झालं असेल तर तोंडावर सांगा."

"नव्या मुख्य पेटीवर काय काय आहे?"

"दोनच गोष्टी. सेपरेटर आणि निवळीचा नवा पंप, चीजच्या दह्यातून सुटलेलं पाणी हौदातून टाकीत नेणारा. दोघांना आपापली छोटी पेटी, दोन्हींना माझं कुलूप. किल्ल्या ह्या बघा, माझ्या गळ्यात. मी नसताना कुणी हात घालू नये म्हणून."

व्हर्नाने जाऊन पाहिले. दोन्ही कुलपे शाबूत होती, ओरखडादेखील नव्हता.

"आणि मुख्य पेटी?"

"ती कारखान्याच्या किल्लीनं उघडते. एक किल्ली लाइलकडे असायची, दुसरी रॉइसच्या खोलीत खिळ्याला."

"रॉइस काल कुठं होता?"

"राजधानीत, बैठकीला. साडेचारला आला म्हणे. खोली उघडीच असते त्याची."

"तू गेलास तेव्हा सगळं बरोबर फिरत होतं?"

"सेपरेटर बरोबर फिरत होता."

"मी सगळं विचारलं, कर्टिस."

त्याने टोपी दोनदा फिरविली. "पंप बघायचा राहिला. लोक गाडीत बसून भोंगा वाजवत होते. म्हटलं, नवा पंप, सोमवारी येऊन बघू. फेजच्या तारा उलट्या लागून तो उलटा फिरत असला तर लगेच कळेल, दोन मिनिटांचं काम." तो थांबला. "पण पंपाचा आणि लाइलचा काय संबंध?"

"ते मलाही बघायचंय," व्हर्ना म्हणाली, आणि उठून चीजच्या दालनाकडे निघाली.

५

अपघातामुळे त्या दिवशीचे सारे दूध शेजारच्या कारखान्याकडे वळविले होते. चीजच्या दालनात कुणी नव्हते. एकटा मर्ल गुंड्रम, कारखान्याचा मुख्य चीज करणारा, रिकामा हौद ब्रशने घासत होता. हौद आधीच लखलखीत होता.

"म्हातारी झालीस, व्हर्ना," तो मान वर न करता म्हणाला.

"तू काय पाळण्यात राहिलास की काय. किती वर्षं झाली?"

"चीजचा परवाना भिंतीवर आहे. अडतीस." ब्रश चालूच होता. "पाओनं सही केली का?"

"अजून नाही. वाईट वाटतं त्याचं?"

"लाइल गेला त्याचं वाटतं. आम्ही एका वर्गात होतो."

व्हर्ना हौदाच्या काठाला टेकली. "मर्ल, काल हा हौद भरलेला होता. चीजचं दही जमलं, मग निवळी कधी काढलीस?"

ब्रश थांबला. "दोनला."

"दोनला कशी? जुना पंप तर बुधवारीच उचलून नेला. काल गडबड होती, दही थोडं जास्त वेळ निवळीत राहिलं असेल. असलं तर असू दे. कुणी तुला बोल लावणार नाही."

तिने त्याच्यासाठी दार सताड उघडे ठेवले होते. एक 'हो' म्हटले असते तरी तो त्यातून निसटला असता. परंतु मनुष्य ज्या गोष्टीवर आपला जन्म उभारतो, तिच्याविरुद्ध खोटे बोलणे त्याला जड जाते.

"माझं दही थांबत नाही," मर्ल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "अडतीस वर्षांत एकदा आंबट निघालं नाही. ते काय, तिथं साच्यात दाबून ठेवलंय. जा, चाखून बघ."

व्हर्ना गेली. तिने एका साच्याच्या कडेचा तुकडा मोडून जिभेवर ठेवला. चव गोड होती, स्वच्छ होती. आंबटपणाचा लवलेश नव्हता. तासभरही उशीर झाला असता तर तो त्या तुकड्यात उतरला असता.

"छान आहे," ती परत येऊन म्हणाली. "म्हणजे दहा हजार लिटर निवळी दोनच्या सुमारास त्या टाकीत गेली. बादल्यांनी नक्कीच नाही."

"पंपानं," मर्ल म्हणाला. शब्द बाहेर पडला, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

६

तीन वाजता व्हर्नाने सर्वांना पंपापाशी बोलाविले. रॉइस घड्याळ पाहत होता. कर्टिस नारिंगी कोट काखेत घेऊन उभा होता. पाओ सर्वांत मागे. मर्ल भिंतीला पाठ लावून. सेपरेटरच्या पेटीचा खटका कर्टिसने सर्वांसमक्ष बंद करून त्यावर कुलूप घातले.

टाकीत निम्मे पाणी भरून ठेवले होते. टाकीच्या पोटाला काचेची उभी पट्टी होती. तीत पाण्याची रेघ दिसत होती.

"हा दात्यांचा पंप आहे," व्हर्ना म्हणाली. "सुलट फिरला तर हौदातलं टाकीत ढकलतो. उलट फिरला तर टाकीतलं हौदात. तिसरं काही त्याला येत नाही. दाबा बटण."

शिपायाने बटण दाबले. पंप घुमू लागला. काचेतील रेघ थरथरली आणि हळूहळू खाली उतरू लागली. पलीकडे हौदाच्या तळाशी पाणी उसळत होते.

"उलटा लागलाय," कर्टिस पुटपुटला. "मीच लावला उलटा."

"हो. आणि पंपाच्या पेटीचं तुझं कुलूप अजून जसंच्या तसं आहे. मग काल दोन वाजता ह्याच पंपानं दहा हजार लिटर निवळी सुलट कशी ढकलली?"

प्रथम कर्टिसच्या ध्यानात आले. त्याच्या हातातून कोट गळून पडला. "मुख्य पेटी," तो म्हणाला. "कुणीतरी मुख्य पेटीत फेज बदलले."

"म्हणजे काय झालं?" रॉइसने विचारले.

"म्हणजे त्या पेटीवरचं सगळंच उलटलं. पंप उलटा होता तो सुलट झाला. सेपरेटर सुलट होता..."

"काल दुपारी पंप सुलट होता, म्हणजे सेपरेटर उलट होता," व्हर्ना म्हणाली. "आज पंप उलट आहे, म्हणजे अपघातानंतर आणि सहा वाजता सील लागण्याआधी कुणीतरी त्या दोन तारा परत जागच्या जागी लावल्या. पेटी दोनदा उघडली गेली. कर्टिस दोन्ही वेळा गावापासून दूर होता. रॉइस, तुम्ही दुसऱ्या वेळेला इथं होता, पहिल्या वेळेला नव्हता."

"लाइलनं केलं असेल पहिल्यांदा," रॉइस घाईघाईने म्हणाला. "त्याच्याकडे किल्ली होती."

"लाइल पाओच्या शेजारी जेवत होता. ते सोडा. लाइल यंत्रांचा माणूस होता. मुख्य पेटीत तारा बदलल्यावर सेपरेटरचं काय होतं, हे त्याला झोपेतही कळलं असतं. ज्यानं हे केलं, त्याच्या डोळ्यांपुढं फक्त पंप होता. आणि पाओनं केलं असतं, तर त्याला सोडवणारी एकुलती एक खूण, त्या उलट्या तारा, त्यानं स्वतःच्या हातानं कशाला पुसली असती?"

तिने मर्लकडे पाहिले नाही. पाहण्याची आवश्यकताच उरली नव्हती. बाकीचे सगळे पाहत होते.

मर्ल भिंतीवरून सरकत खाली बसला.

"निवळीचा आंबटपणा चढत होता," तो म्हणाला. "पंप चालू केला तर टाकीतून हवा ओढून हौदात बुडबुडे. पेटीला कर्टिसचं कुलूप. दुसऱ्याचं कुलूप मी जन्मात तोडलं नाही. इथं कुणीच तोडत नाही. मग खिळ्यावरची किल्ली घेतली. दोन तारा इकडच्या तिकडे केल्या की मोटर दुसऱ्या बाजूनं फिरते, हे मला लाइलनंच दाखवलं होतं, मागं एकदा."

"त्याला हाक का नाही मारलीस?" व्हर्नाने विचारले.

"तो भात खात बसला होता. हसत होता कशावर तरी. म्हटलं, पाच मिनिटांचं काम, कशाला उठवा."

"आणि नंतर?"

"तो आवाज आला तेव्हाच कळलं. मी पेटीकडे धावलो, मुख्य खटका पाडला. तोवर..." त्याने दोन्ही तळहातांनी चेहरा झाकला. "सगळे रुग्णवाहिकेमागे गेले. मी पेटीपाशीच राहिलो. तारा परत लावल्या, खटका चढवला. ठरवून नाही, व्हर्ना. हातांनी लावल्या. मग पाओचं नाव ऐकलं. वाटलं, चौकशीत तो सुटेलच, त्यानं काही केलं नाही तर सुटेलच. रात्रभर तेच म्हणत बसलो."

"आणि दुपारी मला विचारलंस, त्यानं सही केली का."



७

सर्वांत मागे उभा असलेला पाओ पुढे आला. तो मर्लजवळ गेला नाही. आधी व्हर्नासमोर उभा राहिला.

"खूण भिडली होती?"

"भिडली होती," व्हर्ना म्हणाली. "कडं पुरतं आवळलेलं होतं. आटे सांगताहेत. मी ते लिहिणार आहे. आणि सुरू करण्याआधी दिशा पुन्हा पाहिली नाही, हेही लिहिणार आहे. एक क्षण बटण दाबलं असतं, पाओ. एकच क्षण."

"लिहा," पाओ म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते पुसण्याचे त्याला भान नव्हते. "ते माझं आहे. ते लिहा."

रॉइसने टाइप केलेला जबाब घडी घालून खिशात लपविण्याचा प्रयत्न केला. व्हर्नाने हात पुढे केला, तेव्हा त्याने तो निमूटपणे तिच्या हाती दिला.

शिपायाने मर्लला हात देऊन उभे केले. "चला. तुम्हाला यावं लागेल."

"येतो," मर्ल म्हणाला. "पण आधी ओपलकडे जाऊ द्या. तिला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. माझी गाडी बाहेर आहे." त्याने खिशातून किल्ली काढली. ती त्याच्या बोटांतून निसटून फरशीवर पडली. उचलायला गेला, तेव्हा पुन्हा निसटली.

पाओने वाकून ती उचलली. बराच वेळ ती त्याच्या मुठीत राहिली. ह्या माणसाने त्याला एक अख्खा दिवस खुनी म्हणून जगविले होते, आणि मूठ उघडावी की आवळावी ह्याचा निर्णय त्याच्या मुद्रेवर सर्वांना दिसत होता.

"तुमच्यानं चालवली जायची नाही," तो शेवटी म्हणाला. "मी चालवतो."

शिपायाने व्हर्नाकडे पाहिले. व्हर्नाने मान हलविली. "मी मागून येतो," शिपाई म्हणाला.

बाहेर ऊन उतरणीला लागले होते. मर्ल गाडीत बसला. गाडी सुरू झाली तरी त्याचा हात दाराच्या कडीवरच होता.

"पाओ," तो म्हणाला, "तिला काय सांगू?"

"मला नाही माहीत," पाओ म्हणाला. "पण दारापर्यंत येईन तुमच्याबरोबर."